वाढीव वीजबिल : रुपयांआधी युनिट पाहा
(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

२०२४च्या होळीनंतरची गोष्ट. आमच्या लोणखेड्यात, म्हणजे शहाद्याला लागून असलेल्या गावात, होळीला बाहेरगावी कामाला गेलेली माणसे परत येतात. दिवाळी झाली की आमच्या भागातली बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोलीकडे जातात. घराला कुलूप लागते ते चार-पाच महिने. असेच परत आलेले एक कुटुंब आमच्या शेजारी राहते. परतल्यावर चौथ्या दिवशी त्या घरची बाई वीजबिलाचे कागद पदरात गुंडाळून माझ्याकडे आली. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे गावात माझी ओळख गुरुजी हीच. ती म्हणाली, "गुरुजी, हाई बिल मनं नई."

बिल अडीच हजारांच्या वर होते. एरवी तिचे बिल चारशे-पाचशेच्या पुढे जात नाही, आणि या पाच महिन्यांत तर घरात कोणी नव्हते. सोबत वीज तोडण्याची नोटीसही होती. तिचा विचार असा, की बचतगटातून कर्ज उचलायचे, बिल भरायचे आणि मोकळे व्हायचे. ऊसतोडीतून आणलेल्या पैशांतला काही भाग तसाही दुकानदाराला द्यायचा होता, त्यात ही भर.

मी म्हटले, "वहिनी, पैसे भरायला अजून दिवस आहेत. आधी मला चष्मा शोधू द्या."

बिल हातात आले की आपली नजर थेट खालच्या चौकटीतल्या रकमेवर जाते. तिथून मग रक्तदाब. माझे सांगणे असे, की रक्कम शेवटी पाहावी. आधी वर मीटर वाचनाची ओळ पाहावी. तिथे 'चालू रिडिंग', 'मागील रिडिंग', 'गुणक अवयव' आणि 'युनिट' असे रकाने असतात. चालूमधून मागील वजा केले की वापरलेली युनिटे निघतात. घरगुती मीटरला गुणक अवयव साधारणपणे एकच असतो, म्हणून त्याची काळजी करायला नको. पण चालू रिडिंगच्या रकान्यात आकड्याऐवजी एखादा इंग्रजी शब्द असेल, म्हणजे मीटर वाचता आले नाही, कुलूप होते, मीटर नादुरुस्त आहे अशा अर्थाचा, तर ते बिल मीटर पाहून केलेले नाही, सरासरीने केलेले आहे असे समजावे. शेजारणीच्या पाचही बिलांवर तेच होते. मीटर ओसरीच्या जाळीच्या आत, जाळीला कुलूप. वाचणारा येऊन परत गेला. संगणकाने तिच्या मागच्या वापरावरून दरमहा साठ युनिटे धरली. ती बिले दाराच्या फटीतून आत पडत राहिली, न भरल्यामुळे थकबाकी आणि त्यावर व्याज चढत गेले.

यात कोणाला दोष द्यावा असे मला तरी वाटत नाही. मात्र हे बिल दुरुस्त होण्यासारखे आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या गोष्टीकडे मी शेवटी परत येतो.

बिल अचानक वाढण्याची कारणे तशी मोजकीच आहेत. रिडिंग चुकले किंवा घेतलेच नाही, हे एक. अनेक महिन्यांचा वापर एकदम एका बिलात आला, हे दुसरे. दर वाढले किंवा एखादी वेगळी रक्कम त्यात मिळवली गेली, हे तिसरे. आणि आपण खरोखरच जास्त वीज जाळली, हे चौथे. पण ते मान्य करायला कोणी तयार नसतो.

यांतली सगळी कारणे एकाच वेळी एकत्र आली ती २०२० साली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि महावितरणने मीटर वाचन व बिलांची छपाई थांबवली. विद्युत नियामक आयोगाच्या परवानगीने एप्रिल आणि मे महिन्यांची बिले सरासरीने काढली गेली. सरासरी कशाची, तर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची, म्हणजे ऐन थंडीतली! त्या महिन्यांत आपल्याकडे पंखासुद्धा बंद असतो. इकडे प्रत्यक्षात काय चालले होते? एप्रिल-मेचा उन्हाळा, पारा चाळिसाच्या वर, सगळे कुटुंब चोवीस तास घरात, पंखे आणि कूलर दिवसभर चालू, मुलांसमोर टीव्ही. जूनमध्ये वाचन सुरू झाले, तेव्हा सरासरी आणि खरा वापर यांच्यातला सगळा फरक एका बिलात येऊन पडला. शिवाय त्याच १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले होते. मुंबईत सिनेमातल्या लोकांनी आपली बिले जाहीर केली, तेव्हा ती बातमी देशभर गेली. आमच्या शहादा-नंदुरबारकडच्या लोकांनी आपली बिले एकमेकांना दाखवली, एवढेच.

त्या बिलांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मी त्या वेळी ओळखीच्या पुष्कळांची बिले मांडून पाहिली. काही खरेच चुकलेली होती आणि ती दुरुस्तही झाली. पण बहुतेकांचे गणित बरोबर निघाले. तीन महिन्यांची युनिटे तीन भागांत वाटून दर लावलेला होता, आधी भरलेली रक्कम वजा केलेली होती. महावितरणने संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून बिल पडताळण्याची सोय केली, तीन हप्ते दिले, एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट दिली. तरीही लोक संतापले, आणि त्यांचा संताप मला पटतो. एप्रिलचे कमी रकमेचे बिल पाठवतानाच 'हे तात्पुरते आहे, जूनमध्ये फरक येईल' असे ठळक सांगितले असते, तर माणसाने चार पैसे बाजूला ठेवले असते. ज्यांची मजुरी तीन महिने बंद होती त्यांच्यापुढे जूनमध्ये एकदम तीन-चार हजारांचा आकडा आला. सवलत मिळेल या आशेवर अनेकांनी भरणाच थांबवला. नोव्हेंबर २०२०मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सवलत देणे शक्य नसल्याचे सांगितले, तोवर बाकी आणखी वाढलेली होती.

'तीन भागांत वाटून' असे मी म्हणालो, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण एरवीही सगळी मेख तिथेच असते. घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा, अशा पायऱ्या आहेत. दर बदलत राहतात, म्हणून उदाहरणासाठी २०२३-२४ सालचे महावितरणचे दर घेऊ. त्या वर्षी पहिल्या पायरीचा वीज आकार युनिटला ४ रुपये ४१ पैसे होता आणि दुसरीचा ९ रुपये ६४ पैसे. एक पायरी चढली की दर दुपटीहून जास्त! त्याशिवाय प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, तो वेगळा.

आता समजा, एका घरात दरमहा बरोबर १०० युनिटे लागतात. तीन महिने वाचन झाले नाही आणि एकदम ३०० युनिटे आली. बरोबर पद्धतीने दरमहा शंभर धरून सगळी तीनशे युनिटे पहिल्या दराने लागली पाहिजेत. ३०० गुणिले ४.४१ म्हणजे १३२३ रुपये. पण हीच ३०० युनिटे चुकून एका महिन्याची धरली, तर पहिल्या शंभराचे ४४१ आणि उरलेल्या दोनशेचे १९२८, मिळून २३६९ रुपये होतात. वीज तेवढीच, फरक १०४६ रुपयांचा. म्हणून दोन वाचनांमध्ये किती दिवस गेले, हे बिलावर जरूर पाहावे. वाचन तीस दिवसांऐवजी पस्तीस-चाळीस दिवसांनी झाले असेल, तर पायऱ्याही त्या प्रमाणात वाढवून मिळाल्या आहेत का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पायऱ्यांच्या या हिशेबामुळेच उन्हाळ्यात आपला घात होतो. वॉट आणि युनिट यांचा संबंध शाळेत शिकवलेला असतो, पण तो परीक्षेपुरता. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. आमच्याकडे घरोघर असतो तसा मोठा पत्र्याचा कूलर साधारण २०० वॉटचा धरू. मे महिन्यात तो रोज सोळा तास तरी चालतो. दिवसाला ३.२ युनिटे, महिन्याला ९६. म्हणजे एकटा कूलरच जवळजवळ सगळी पहिली पायरी खातो, आणि पंखे, फ्रिज, टीव्ही, दिवे हे सगळे दुसऱ्या पायरीवर ढकलले जाते. २०२३-२४च्याच दराने पाहिले, तर कूलरमुळे वाढलेली युनिटे वहन आकारासह युनिटला १० रुपये ८१ पैशांनी पडली. महिन्याला हजाराच्या वर, आणि वीज शुल्क वेगळे; ते घरगुती ग्राहकाला १६ टक्के आहे. कूलर बंद ठेवा असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात खानदेशात राहून तसे कोणी म्हणूही नये. पण मे महिन्याचे बिल फेब्रुवारीच्या बिलाशी ताडून 'मीटर पळतोय' म्हणण्याऐवजी ते मागच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडावे. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, तो त्याचसाठी.

मीटर पळतोय, हा आरोप मीसुद्धा केलेला आहे. ती फजिती सांगितलीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, आमच्या घरचे बिल एकदम दीडशे युनिटांनी वाढले. कूलर बंद, पाहुणे नाहीत. मी तणतणत बाहेर पडलो, आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो, कारण जन्मभर मुलांना 'आधी प्रयोग, मग निष्कर्ष' सांगितलेले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. मी घरातली सगळी बटणे बंद केली, फ्रिजची पिन काढली, पण मेन स्विच चालू ठेवला आणि घड्याळ लावून बसलो. मिनिटाला सव्वीस-सत्तावीस वेळा दिवा लुकलुकत होता! ३२०० ला एक युनिट, म्हणजे तासाला अर्धे युनिट. पाचशे वॉटचे काहीतरी चालू होते. मग मेन स्विच बंद केला, तेव्हा दिवा थांबला. म्हणजे मीटर शहाणा होता, वेडेपणा घरात होता.

तो सापडला मागच्या अंगणात. पाणी वर चढवणारी मोटर टाकीतल्या फ्लोटवर आपोआप चालू-बंद होईल, अशी जोडणी मुलाने करून दिली होती. वर जाणारा पाइप जमिनीखाली फुटलेला. पावसामुळे अंगण तसेही ओले, त्यामुळे गळती कळली नाही. टाकी भरेना, मोटर थांबेना. दिवसात आठ-दहा तास ती बिचारी जमिनीला पाणी पाजत होती. पाइपचा तुकडा आणि प्लंबरची मजुरी, एवढ्यात बिल जागेवर आले.

हा प्रयोग कोणालाही करता येतो, मीटरला हातसुद्धा लावावा लागत नाही. बटणे बंद, मेन चालू, आणि तरी दिवा लुकलुकतो आहे, तर काहीतरी विसरून चालू आहे किंवा वायरिंगमधून वीज झिरपते आहे. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून वीज जमिनीत उतरते आणि तीही मीटरमध्ये मोजली जाते. अशा वेळी बिलापेक्षा जिवाला धोका मोठा, म्हणून लगेच वायरमन बोलवावा. मेनही बंद केला आणि तरीही दिवा लुकलुकतो आहे, तर मात्र मीटरमध्ये दोष आहे किंवा मीटर आणि मेनच्या मधे कोणीतरी वायर जोडली आहे. तेव्हा लेखी तक्रार करून मीटर तपासून मागावा. मीटरचे सील स्वतः उघडू नये. शंका मीटरवर असते, पण सील तुटले की संशय आपल्यावर येतो आणि प्रकरण वीजचोरीच्या कलमापर्यंत जाते.

मीटर खरोखर सदोष निघाला, तर बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांपर्यंत होते, अशी नियमांची मर्यादा आहे. ती दोन्ही बाजूंना लागू पडते. मीटर जोरात धावत असेल तर तुमचा परतावाही तेवढाच, म्हणून शंका आल्यावर वर्षभर वाट पाहत बसू नये.

वेगळ्या रकमेचाही एक प्रकार आहे. २०२२च्या उन्हाळ्यात राज्यभर अनेकांना नेहमीच्या बिलाशिवाय आणखी एक बिल आले आणि लोक चक्रावले. ती अतिरिक्त सुरक्षा ठेव होती. पूर्वी सरासरी एका महिन्याच्या बिलाएवढी ठेव घेत, २०२१च्या नव्या नियमांनी ती दोन महिन्यांची केली. ही रक्कम आपल्या नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळते, आणि ती हप्त्यांनी भरण्याची सोय होती. बिलातला इंधन समायोजन आकारही असाच महिन्यागणिक कमी-जास्त होतो. त्यावर आपला काही इलाज नाही, पण ती ओळ ओळखता आली पाहिजे.

आता बिल चुकले आहे अशी खात्री झाली, पण कार्यालय ऐकत नाही. काय करावे? इथे माणसे दोन टोकांना जातात. एक तर मुकाट्याने सगळे भरतात, किंवा 'एक पैसाही भरणार नाही' म्हणून बसतात. दुसरे टोक जास्त महाग पडते. विद्युत अधिनियम २००३च्या कलम ५६मध्ये यावर चांगली तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे येणारी रक्कम, या दोहोंपैकी जी कमी असेल ती 'आक्षेप राखून' भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. पैसे भरताना 'आक्षेप राखून भरत आहे' हे शब्द अर्जात लिहायला मात्र विसरू नये.

अर्ज साधाच असावा. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, वादातले बिल कोणत्या महिन्याचे, आज मीटरवर दिसणारा आकडा, आणि मागणी काय. मीटरचा फोटो सोबत जोडावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. तोंडी सांगून आलेली तक्रार म्हणजे पाण्यावर ओढलेली रेघ. १९१२ या क्रमांकावर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. कार्यालयात न्याय मिळाला नाही, तर कायद्याने नेमलेला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते. मंचाचा निर्णय पटला नाही, तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपाल मुंबईला आणि नागपूरला आहेत. मंचापुढे वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः बोलता येते. कागद मात्र हवेत.

तर शेजारणीचे पुढे काय झाले? आम्ही दोघे तिच्या ओसरीवर गेलो. मीटरवरचा आकडा दिवाळीआधीच्या शेवटच्या बिलावरच्या आकड्याशी ताडला. पाच महिन्यांत मीटर चार युनिटे पुढे सरकला होता, तीही परतल्यानंतरच्या चार दिवसांतली. मी फोटो काढला, तिच्या मुलीने अर्ज लिहिला. अक्षर माझ्यापेक्षा चांगले. तिची सही, आवक शिक्का. आठवड्याच्या आत एक जण येऊन मीटर वाचून गेला आणि पुढे दुरुस्त बिल आले, साडेसातशेच्या आत. ते तरी कशाचे, असे तिने विचारले. घर बंद असले तरी जोडणी चालू असते, म्हणून दरमहा स्थिर आकार लागतो, तो या पाच महिन्यांचा. तिला हे फारसे पटले नाही. "वापरं नई तरी पैसा?" असे म्हणत तिने भरले. बचतगटाचे कर्ज काढावे लागले नाही.

त्यानंतर दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे माझा मोबाइल वाजला. उठून पाहिले, तर तिच्या मुलीने मीटरचा फोटो पाठवलेला, आकडा स्वच्छ दिसणारा. ट्रक दाराशी उभा होता. जाळीची किल्ली तिने आमच्या घरी आणून दिली, वाचणारा आला की उघडून द्यायला.